हार्ड डिस्क ई ची एफ कशी होते, आणि परत ई कशी करायची

परवा रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला, आवाज एकदम पडलेला, "ताई, डिस्क गेली बहुतेक." तो लग्नाचं शूटिंग करतो, तुळशीचं लग्न लागलं की त्याला धड जेवायलाही वेळ नसतो, आणि त्याचा सगळा सीझन २ टेराबाइटच्या एका एक्सटर्नल हार्ड डिस्कवर असतो. एडिटिंगचा प्रोजेक्ट उघडला तर सगळीकडे लाल, मीडिया ऑफलाइन, हळदीपासून पाठवणीपर्यंत एक क्लिप सापडत नाही. म्हटलं, धिस पीसी उघड, डिस्क दिसतेय का? दिसतेय. आत फोल्डर आहेत? आहेत की सगळे. मग नावापुढे कंसात ड्राइव्हचं अक्षर असतं ना, ते कुठलं आहे बघ. दोन सेकंद काहीच बोलला नाही, मग हळूच म्हणाला, "एफ आहे. आधी ई होतं ना गं?"

एवढंच झालं होतं. पण असा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो, आणि दर वेळी समोरचा माणूस खरंच घाबरलेला असतो, म्हणून आज हे नीट बसून लिहितेय.

सगळ्यात आधी एक सांगते, बाकी वाचा न वाचा. डिस्क उघडतेय, आतले फोल्डर दिसतायत आणि फक्त अक्षर बदललंय, तर डेटाला काहीही झालेलं नाही. काहीही फॉरमॅट करू नका, कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकू नका, कुणी दुकानदार "डेटा रिकव्हर करावा लागेल" म्हणाला तरी पैसे देऊ नका. हे पाच मिनिटांचं काम आहे.

आता हे होतं कसं. आपल्याला वाटतं ई हे त्या डिस्कचं नाव आहे, डिस्कमध्येच कुठेतरी लिहिलेलं असेल. तसं नाहीये. एसटी स्टँडवर फलाट असतात ना, तसं आहे हे. सातारा गाडी रोज ५ नंबरच्या फलाटाला लागते म्हणून आपण डोळे मिटून तिथे जाऊन उभे राहतो, पण एखाद्या दिवशी ५ वर दुसरीच गाडी आधी येऊन लागलेली असते, मग सातारा गाडी ६ ला लागते. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, आतली माणसं तीच. चुकलो आपण, कारण आपण पाटी न वाचता फलाटाचा आकडा बघत होतो. ई, एफ, जी हे फलाट आहेत, आणि डिस्कला आपण जे नाव देतो, लेबल म्हणतात ते, ती गाडीची पाटी. लेबल डिस्कवर लिहिलेलं असतं, डिस्क जिथे जाईल तिथे ते बरोबर जातं. अक्षर मात्र तुमचा कॉम्प्युटर देतो, आणि त्याची नोंदही कॉम्प्युटरमध्येच राहते.

ही अक्षरांची पद्धत खूप जुनी आहे, विंडोजच्याही आधीची. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात फ्लॉपी असायच्या, त्या ए आणि बी. मग १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, ती सी झाली, आणि आजही आपल्या लॅपटॉपची मुख्य ड्राइव्ह सीच असते, फ्लॉपी जाऊन इतकी वर्षं झाली तरी. विंडोज आपणहून ए आणि बी कुणाला देत नाही, सी आधीच गेलेली असते, त्यामुळे नवीन काही लावलं की डी पासून पुढे जे पहिलं रिकामं अक्षर मिळेल ते ती देऊन टाकते. सगळा घोळ या 'पहिलं रिकामं' मध्ये आहे.

म्हणजे विंडोज काहीच लक्षात ठेवत नाही असं नाही हं. तिच्याकडे एक रजिस्टर असतं, रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जची वही, तिच्यात माउंटेड डिव्हायसेस नावाची जागा आहे, तिथे प्रत्येक अक्षरासमोर ते कुणाचं आहे याची खूण लिहिलेली असते. डिस्कचे भाग पाडायच्या जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क असेल तर तिची ४ बाइटची सही आणि पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, कुठून सुरू होतं तो आकडा, असे मिळून १२ बाइट. नवीन जीपीटी पद्धतीची असेल तर पार्टिशनचा स्वतःचा १६ बाइटचा आयडी. तुम्ही डिस्क लावली की विंडोज ही खूण रजिस्टरमध्ये शोधते, सापडली आणि ते अक्षर त्या क्षणी मोकळं असलं तर तेच देते. म्हणूनच महिनोन्महिने सगळं सुरळीत चालतं आणि आपल्याला वाटायला लागतं की ई ही आपलीच.

पण डिस्क काढून ठेवली की तिची जागा कुणी राखून ठेवत नाही, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो तसं इथे चालत नाही. तेवढ्यात दुसरं काही लावलं, पेनड्राइव्ह म्हणा, मोबाइलचं कार्ड म्हणा, तर ई त्याला जाते, आणि रजिस्टरमध्ये ई समोर एकाचंच नाव मावतं, त्यामुळे तुमच्या डिस्कची जुनी नोंद पुसली जाते. मग ते पेनड्राइव्ह काढून डिस्क परत लावली तरी ई मिळेलच असं नाही, कारण आता ती डिस्क एफ म्हणून नोंदली गेलीय. लोक इथेच वैतागतात, "अहो मी सगळं काढून परत लावलं तरी तेच येतंय." येणारच, नोंदच बदललीय.

भावाकडे नेमकं काय झालं होतं तर त्याने नवीन कार्ड रीडर घेतला होता, त्यात दोन खाचा, एक मोठ्या कार्डाची, एक छोट्या. संध्याकाळी कॅमेऱ्याचं कार्ड खाली करायला तो आधी लावला आणि डिस्क नंतर. काही कार्ड रीडर असे असतात की आत कार्ड असो नसो, प्रत्येक खाच एकेक अक्षर धरून बसते, चार खाचांचा असेल तर चार अक्षरं गेली. आणि हे पटकन कळतही नाही, कारण फाइल एक्सप्लोररमध्ये रिकाम्या ड्राइव्ह लपवायची एक सेटिंग असते, ती चालू असली की अक्षर धरलेलं असतं पण दिसत नाही. व्ह्यूच्या ऑप्शन्समध्ये जाऊन हाइड एम्प्टी ड्राइव्हज वरची टिक काढली की मंडळी दिसायला लागतात.

बाकीची कारणं पटकन सांगते. ऑफिसमध्ये सर्व्हरचं फोल्डर एखाद्या अक्षराला जोडलेलं असतं, नेटवर्क ड्राइव्ह, त्याचं आणि तुमच्या डिस्कचं अक्षर एकमेकांवर आदळतं. डिस्क क्लोन केलेली, म्हणजे तिची हुबेहूब दुसरी प्रत काढलेली असेल तर दोघींची सही सारखीच असते, मग विंडोज त्यातली एक सरळ ऑफलाइन करून टाकते. विंडोज नव्याने टाकली तर रजिस्टरच कोरं होतं, सगळ्यांना नव्याने अक्षरं. आणि मोठ्या अपडेटनंतरही कधी कधी गडबड होते, २०१८ च्या एप्रिलमधल्या विंडोज १० च्या अपडेटनंतर बऱ्याच जणांकडे लपलेल्या रिकव्हरी पार्टिशनला अक्षर मिळालं आणि 'जागा संपत आलीय' असे मेसेज यायला लागले होते. असं काही दिसलं तर त्या पार्टिशनचं फक्त अक्षर काढायचं, पार्टिशन डिलीट करायचं नाही.

आता दुरुस्ती. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात आणि मला ती बघून खरंच वाईट वाटतं. डिस्क एफ झाली म्हणून लोक सॉफ्टवेअरमध्ये जाऊन एकेक फाइल नवीन जागेवर जोडत बसतात. लाइटरूममध्ये फोल्डर शोधून दे, प्रीमियरमध्ये लिंक मीडिया कर, एक्सेलमध्ये एडिट लिंक्स कर, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट बदल. रात्र जाते यात. आणि चार दिवसांनी अक्षर परत बदललं की पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्या सॉफ्टवेअरने फाइलचा पूर्ण पत्ता लिहून ठेवलेला असतो, ई पासून सुरू होणारा. तुम्ही डिस्कला परत ई केलं की ते सगळे पत्ते एका फटक्यात बरोबर होतात. म्हणून आधी अक्षर, सॉफ्टवेअरला हात नंतर, आणि बहुतेक वेळा नंतरही लावावा लागत नाही.

करायचं असं. त्या डिस्कवरचं जे काही उघडं असेल ते बंद करा, प्रोजेक्ट, फोटो, फोल्डरची विंडो सगळं. कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून एक्स दाबा, यादी येते, त्यात डिस्क मॅनेजमेंट. अॅडमिनचं लॉगिन लागतं, ऑफिसच्या मशीनवर नसेल तर आयटीवाल्यांना सांगा. उघडल्यावर वर यादी आणि खाली पट्ट्या दिसतील, डिस्क ०, डिस्क १ अशा. आपली डिस्क लेबल आणि साइझवरून ओळखायची, घाईत अंदाजाने नको. २ टेराबाइटची डिस्क तिथे १८६३ जीबी दिसते, त्याने दचकू नका, कंपनी १००० ने मोजते आणि विंडोज १०२४ ने. त्या पट्टीवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, मग चेंज, मग बाजूच्या यादीतून हवं ते अक्षर निवडा, ओके. एक इशारा येतो की काही प्रोग्राम अक्षरावर अवलंबून असतात ते चालणार नाहीत, तर तिथे यस करायचं, आपण तेच तर दुरुस्त करतोय. हे फक्त एक्सटर्नल डिस्कसाठी सांगतेय, ज्या ड्राइव्हवर विंडोज किंवा इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर आहेत तिचं अक्षर कधीही बदलायला जाऊ नका.

यादीत ई दिसतच नाही असं झालं तर समजायचं की ती कुणीतरी धरलीय. यादीत फक्त मोकळी अक्षरं येतात. मग आधी जो बसलाय त्याला उठवायचं, पेनड्राइव्ह असेल तर इजेक्ट करा, कार्ड रीडरची खाच असेल तर तिला असंच राइट क्लिक करून लांबचं एखादं अक्षर द्या, नेटवर्क ड्राइव्ह असेल तर धिस पीसीमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून डिस्कनेक्ट. मग ई मोकळी होते. भावाला फोनवरूनच हे करायला लावलं, आधी कार्ड रीडरच्या दोन्ही खाचांना एक्स आणि वाय दिलं, मग डिस्कला ई. "आता प्रोजेक्ट उघड." माउसचा आवाज आला, मग फोनमधूनच सनईचा आवाज आला, क्लिप चालू झाली होती. तो काहीच बोलला नाही, फक्त एक मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

मध्येच अडकायच्या दोन-तीन जागा आहेत. एखाद्या वेळी ओके केल्यावर मेसेज येतो की डिस्क मॅनेजमेंटचा व्ह्यू अपटूडेट नाही, रिफ्रेश करा. घाबरायचं काही नाही, वर अॅक्शन मेनूत रीस्कॅन डिस्क्स आहे ते करा, नाही जमलं तर ती विंडो बंद करून परत उघडा, बऱ्याचदा अक्षर बदललेलंच असतं. डिस्क तिथे दिसतेय, निळी पट्टी आहे, एनटीएफएस की एक्सफॅट (फाइल ठेवायच्या पद्धतीचं नाव) तेही लिहिलंय पण अक्षरच नाही, तर त्याच मेनूत चेंजऐवजी अॅड करायचं. दर वेळी हे अॅड करावं लागत असेल तर कुणीतरी ऑटोमाउंट, म्हणजे नवीन डिस्कला आपोआप अक्षर द्यायची सोय, बंद केलेलं असू शकतं. अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत डिस्कपार्ट टाइप करा, एंटर, मग ऑटोमाउंट एनेबल, एंटर, मग एक्झिट. डिस्कपार्टमधून अक्षरही देता येतं, लिस्ट व्हॉल्यूम, मग सिलेक्ट व्हॉल्यूम आणि तिचा नंबर, मग असाइन लेटर, बरोबरचं चिन्ह आणि हवं ते अक्षर. पण मी सरळ सांगते, सवय नसेल तर अक्षरासाठी तिकडे जाऊ नका. डिस्कपार्टमध्ये क्लीन अशी एक कमांड आहे, ती 'खात्री आहे का' एवढंही न विचारता निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशन उडवते. नंबर निवडताना एका आकड्याची चूक झाली आणि मागून कुठल्या तरी व्हिडिओत बघून क्लीन केलं, की संपलं.

आणि हे अक्षराचं प्रकरणच नाहीये हे कधी ओळखायचं, तेही महत्त्वाचं आहे. डिस्क उघडताना 'वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असं आलं, किंवा डिस्क मॅनेजमेंटमध्ये रॉ दिसलं, किंवा काळी पट्टी आणि अनअलोकेटेड, तर अक्षर बदलून काही होणार नाही. कॅन्सल करा आणि थांबा. कधी कधी डिस्क धडधाकट असते, फक्त मॅकवर फॉरमॅट केलेली असते, विंडोजला ती वाचता येत नाही म्हणून ती फॉरमॅट करू का विचारते, अशी डिस्क मॅकला लावली की सगळं जागेवर असतं. मॅकचा संबंध नसेल तर मात्र फाइल सिस्टिम बिघडलीय, त्यावर काही लिहू नका, जाणकाराला दाखवा. डिस्क मॅनेजमेंटमध्येही काहीच दिसत नसेल तर आधी केबल बदला, हबमधून काढून थेट मशीनच्या पोर्टला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला. छोट्या अडीच इंची डिस्कला सगळी वीज त्या यूएसबीतूनच मिळते, पुढच्या पोर्टला किंवा स्वस्तातल्या हबला कमी पडते. आतून टकटक आवाज येत असेल तर लगेच काढा आणि परत परत लावून बघू नका.

हे परत होऊ नये म्हणून काय करायचं, तर अगदी सोपं आहे. अक्षर शेवटाकडचं द्यायचं, पी, क्यू, आर, टी असं काही. नवीन पेनड्राइव्ह आला की विंडोज डी, ई, एफ अशी पुढून मोकळी जागा शोधत येते, पी पर्यंत ती पोचतच नाही, त्यामुळे पी समोरची नोंद कुणी पुसत नाही. अगदी झेड मी टाळते, ऑफिसमध्ये नेटवर्क ड्राइव्ह बऱ्याचदा झेडपासून सुरू झालेल्या असतात. ज्यांचं जुनं काम आधीच ई वर आहे त्यांनी आधी चालू प्रोजेक्ट ई वर पूर्ण करा, मग पुढच्यासाठी पी. प्रत्येक डिस्कला नीट लेबल द्या, न्यू व्हॉल्यूम नावाच्या तीन डिस्क घरात असतील तर तुम्हीच गोंधळणार. लेबल बदलायला डिस्कवर राइट क्लिक करून रीनेम, इतकंच, डेटाला धक्का लागत नाही.

ज्यांना अक्षराची कटकटच नको त्यांच्यासाठी अजून एक वाट आहे. त्याच चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्समध्ये अॅड केलं की डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये जोडायचा पर्याय येतो, म्हणजे सी ड्राइव्हवर 'लग्नाचं काम' असा रिकामा फोल्डर केला आणि डिस्क त्यात जोडली की फोल्डर उघडला की डिस्क उघडते. सॉफ्टवेअरला पत्ता त्या फोल्डरचा द्यायचा, मग अक्षर ई असो की क्यू, काही फरक पडत नाही. फोल्डर एनटीएफएस ड्राइव्हवर हवा, आपली सी तशीच असते.

आता जे सगळ्यात धोक्याचं आहे ते. तुम्ही बॅकअपसाठी छोटी बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली फाइल) किंवा शेड्युल लावलेलं असेल, विंडोजची फाइल कॉपी करायची रोबोकॉपी कमांड वगैरे, आणि त्यात मिरर चालू असेल तर हे नीट वाचा. मिरर म्हणजे इकडे जे आहे तेच तिकडे ठेवायचं, आणि तिकडे जास्तीचं जे असेल ते उडवायचं. त्या फाइलमध्ये लिहिलंय 'ई वर बॅकअप घे'. आणि आज ई वर तुमची बॅकअपची डिस्क नसून कुणाचा तरी फोटो भरलेला पेनड्राइव्ह बसलाय. रोबोकॉपी विचारत नाही. बॅकअप कुठल्या फोल्डरमध्ये न घेता सरळ ई च्या मुळाशी घेत असाल तर ते फोटो जास्तीचे ठरतात आणि जातात. डेटा जायची खरी भीती इथे आहे, अक्षर बदलल्याने नाही, त्या अक्षरावर आंधळा विश्वास ठेवल्याने. उपाय असा की बॅकअपच्या डिस्कवर एक रिकामी टेक्स्ट फाइल ठेवायची, नाव काहीही, 'हीच बॅकअप डिस्क', आणि बॅच फाइलच्या पहिल्या ओळीत तपासायचं की ती फाइल ई वर आहे का, नसेल तर तिथेच थांबायचं. एका ओळीचं काम आहे, आजच करून टाका. आणि बॅकअप डिस्कच्या मुळाशी न घेता एका फोल्डरमध्ये घ्या.

अजून एक, हे रजिस्टर प्रत्येक कॉम्प्युटरचं वेगळं असतं. घरी दिलेलं पी दुकानातल्या पीसीला माहीत नसतं, तिथेही एकदा द्यावं लागतं. मॅकवर अक्षरंच नसतात, तिथे डिस्क नावाने येते, पण एकाच नावाच्या दोन असल्या की दुसरीच्या नावापुढे १ लागतो आणि पत्ते तिथेही तुटतात. लिनक्सवाल्यांचंही तेच दुखणं, एसडीबी नावाची डिस्क एसडीसी होते, म्हणून ते डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख नंबर, लिहितात. लेबल वेगवेगळी ठेवायची सवय म्हणून सगळीकडे उपयोगी पडते.

भावाने दुसऱ्या दिवशी तिन्ही डिस्कवर पांढरी चिकटपट्टी लावली, काळ्या मार्करने पी, क्यू, आर, आणि खाली वर्ष. काल त्याने पी डिस्क एडिटिंग करणाऱ्या मुलाकडे पाठवली. त्याच्या पीसीवर ती जी म्हणून आली, प्रोजेक्ट लाल दिसला, त्याने पट्टी बघितली, पी करून टाकलं आणि कामाला लागला. मला हे आज सकाळी कळलं, भाऊ दुसऱ्याच कशासाठी फोन करत होता तेव्हा.